आपल्यात कसली पावती?

पत्र:

ताई, मी गुहागर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. आमचं घर समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. सहा वर्षं झाली, कोकमाचं आगळ, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ आणि मसाला घरी करून विकते. गेल्या वर्षी सगळं मिळून साडेतीन लाखांच्या आसपास विक्री झाली. एप्रिल-मेमध्ये वाडीतल्या दोघी मदतीला येतात. आता पडवीत चार टेबलं टाकून पर्यटकांना घावणे-चटणी आणि सोलकढी द्यावी असं मनात आहे. पुढे पोळ्या सुकवायला सोलर ड्रायरही घ्यायचाय. जवळच्या एका रिसॉर्टवाल्याने आगळ मागितलं, पण बाटलीवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न नोंदणीचा, नंबर हवा म्हणाला. म्हणून एका एजंटला भेटले. त्याने कागदावर लिहून दिलं: फूड लायसन 4,500, गुमास्ता 3,000, उद्यम 2,000, जीएसटी 3,500, ग्रामपंचायतीची एनओसी 3,000. एकूण 16,000. त्याआधीच पंचायतीत बसणाऱ्या आमच्या चुलत दिरांनी "दाखल्याचे" म्हणून 1,500 रुपये नेलेत. पावती मागितली तर म्हणाले, "वहिनी, आपल्यात कसली पावती?" आमचे हे मुंबईला असतात. ते म्हणतात, गावात कोण बघायला येतंय, कशाला नसता व्याप. सासूबाई म्हणतात, देऊन टाक आणि मोकळी हो. खरं किती भरायचं असतं? आणि दिरांकडे पावती मागू तरी कशी?

– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर:

प्रिय ताई,

एजंटच्या कागदाचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. वहीच्या फाडलेल्या पानावर पाच ओळी आणि खाली दोन रेघा ओढून 16,000. एकाही ओळीत सरकारी फी किती आणि त्याची मेहनत किती हे वेगळं लिहिलेलं नाही. मी वीस वर्षं रत्नागिरीत छोट्या दुकानदारांचे आणि खानावळवाल्यांचे हिशेब लिहिते आहे. असे कागद माझ्या टेबलावर दर महिन्याला येतात आणि प्रत्येक वेळी मला तितकंच वाईट वाटतं. कारण समोरची बाई सरकारला पैसे द्यायला तयार असते, आणि ती देते त्यातले बहुतेक पैसे सरकारपर्यंत जातच नाहीत.

एकेक ओळ सोडवू या.

पहिली ओळ फूड लायसनची. तुम्हाला लायसन नको, नोंदणी हवी. 2006 च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याखाली 2011 मध्ये जी नियमावली आली, तिने छोट्या माणसाला मुद्दाम वेगळं ठेवलं. तिच्यात मूळ मर्यादा अशी होती: वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असेल तर फक्त नोंदणी करायची आणि तिची फी वर्षाला 100 रुपये. त्याच्या वर गेलात की राज्याचा परवाना लागतो, आणि त्याची फी धंद्याच्या प्रकाराप्रमाणे वर्षाला 2,000 ते 5,000. तुम्ही साडेतीन लाखांवर आहात, म्हणजे तुमचे 100 रुपये. पाच वर्षांचे एकदम धरले तर 500. या मर्यादा मधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवर दिसेल तो आकडा धरा. पण कितीही बदललं तरी तुमच्या मापाच्या धंद्याला 4,500 कुठूनच होत नाहीत.

अर्ज फॉस्कॉस नावाच्या सरकारी पोर्टलवर होतो. छोट्यांसाठीचा तो फॉर्म ए. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा एवढ्यावर काम होतं. आगळ-पोळ्या बनवणं आणि पडवीत खायला देणं ही दोन्ही कामं अर्जात आताच दाखवा, म्हणजे टेबलं टाकल्यावर पुन्हा धावाधाव नको. नियम असा आहे की अर्ज आल्यापासून 7 दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यायची, नाहीतर कारण लिहून नाकारायची, नाहीतर तपासणीची नोटीस काढायची. 30 दिवसांत काहीच निर्णय कळवला नाही तर तुम्हाला धंदा सुरू करायची मुभा त्याच नियमात दिलेली आहे. "साहेबांना भेटावं लागेल, त्याशिवाय हलत नाही" असं एजंट म्हणाला, तर हे 7 आणि 30 दिवस त्याला शांतपणे ऐकवा.

तपासणीला कुणी आलंच तर घाबरू नका. ते पाहतात पाणी, सांडपाणी, झाकलेली भांडी, माशा, तुमची नखं आणि पदर. तुमच्या पत्रावरून घर नीटनेटकं असणार असं वाटतं. एक काम मात्र आधी करा. विहिरीचं पाणी वापरत असाल तर ते तपासून घ्या आणि अहवाल जपून ठेवा. आपल्याकडे पहिल्या पावसात विहिरी गढूळ होतात, तेव्हा पुन्हा तपासा. हे मी अधिकाऱ्यासाठी सांगत नाही. उद्या तुमच्या पडवीत कुणाचं लहान मूल सोलकढी पिणार आहे.

आणि नंबर. खरा नोंदणी क्रमांक 14 अंकी असतो. नोंदणीचा पहिला अंक 2, परवान्याचा 1. पुढचे दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 15. म्हणजे तुमचा क्रमांक 215 ने सुरू झाला पाहिजे. हे मी एवढं खोलात का सांगते? माझ्याकडे हिशेबाला येणाऱ्या एका खानावळवाल्या काकूंनी एजंटने दिलेला कागद चांगला फ्रेम करून गल्ल्यामागे लावला होता, वर उदबत्ती. वर्षभराने मी सहज अंक मोजले तर ते 17 भरले. तो अर्जाचा संदर्भ क्रमांक होता. अर्ज तर अर्धवटच पडून होता, आणि काकूंनी मोजले होते 6,000 रुपये. फ्रेम काढताना त्यांचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. म्हणून नंबर हातात आला की अंक मोजा, आणि त्याच पोर्टलवर तो घालून तुमचं नाव येतं का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

दुसरी ओळ गुमास्त्याची. शब्द जुना, 1948 च्या कायद्याच्या काळातला. तो कायदा गेला. आता महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 आहे, 19 डिसेंबर 2017 पासून लागू. त्यात 20 पेक्षा कमी (2025 च्या दुरुस्तीआधी 10 पेक्षा कमी) कामगार असलेल्या दुकानाने फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. त्याला सरकारी फी नाही. आपले सरकार केंद्रात जाऊन केलंत तर त्यांचं ठरलेलं सेवाशुल्क तेवढं द्यावं लागेल, त्याचा दर केंद्रात लावलेला असतो. सूचना दिल्याची पावती निघते आणि तीच पुरावा म्हणून चालते. तुमच्याकडे दोघी, त्याही दोन महिने. 3,000 रुपये कसले?

उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी, तर पूर्ण मोफत आहे. 1 जुलै 2020 ला ती सुरू झाली तेव्हापासून एक रुपयाही फी नाही. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल जवळ ठेवला की अर्ध्या तासाचं काम. इथे फसगत वेगळ्या प्रकारची होते. मोबाइलवर शोधलं की हुबेहूब सरकारी वाटणाऱ्या खासगी साइट वर येतात आणि फी मागतात. पत्त्याच्या शेवटी "जीओव्ही डॉट इन" आहे का ते बघा. नसेल तर बंद करा.

जीएसटी तुम्हाला लागतच नाही. वस्तू विकणाऱ्याला 40 लाखांपर्यंत आणि सेवेला 20 लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पडवीत खाऊ घालणं सेवेत धरतात, म्हणून तुम्ही 20 लाखांची रेघ लक्षात ठेवा. ती अजून खूप लांब आहे. आणि या नोंदणीची सरकारी फीसुद्धा शून्यच आहे, तर 3,500 रुपये फक्त फॉर्म भरायचे. त्याहून मोठं दुखणं पुढचं. एकदा नंबर घेतला की विक्री झाली नाही तरी रिटर्न भरावं लागतं. विसरलात तर शून्य रिटर्नलाही दिवसाला 20 रुपये विलंब शुल्क चढत जातं. त्याला कमाल मर्यादा आहे, पण प्रत्येक चुकलेल्या रिटर्नचं ते वेगळं धरतात. मग दर वेळी त्याच एजंटकडे जाणं आलं. राज्याबाहेर माल पाठवायला लागलात तर मला पुन्हा लिहा, तिथे नियम वेगळे आहेत. आज ही ओळ सरळ खोडा.

आता जो खर्च त्या कागदावर नाहीच, तो मला सांगितला पाहिजे. एजंट सांगतो तितकं लागत नाही हे जसं खरं, तसं काहीच लागत नाही हेही खरं नाही. महाराष्ट्रात 1975 च्या कायद्याने व्यवसाय कर आहे. स्वतःचा धंदा करणाऱ्याने त्याचं नोंदणी प्रमाणपत्र घ्यायचं असतं, आणि कराचा सर्वसाधारण आकडा वर्षाला 2,500. त्याहून जास्त तो कुणी घेऊच शकत नाही, कारण राज्यघटनेच्या कलम 276 मध्ये माणशी वर्षाला 2,500 ही कमाल मर्यादा 1988 पासून घातलेली आहे. पगारदार बाईला कमी पगारावर जी सूट मिळते ती धंदेवाल्या बाईला नाही, हे मला अजिबात पटत नाही, पण आज कायदा असा आहे. 65 वर्षांवरच्यांना हा कर माफ आहे. हा आकडा तुम्हाला जड वाटेल. साडेतीन लाखांच्या विक्रीत नारळ, कोकम, लाकूडफाटा आणि मजुरी गेल्यावर हातात काय उरतं ते मला माहीत आहे. तरीही हा खर्च मनात धरून ठेवा. तो टाळला तर मागच्या वर्षांचा व्याजासकट एकदम पुढे येतो, आणि तेव्हा जास्त जड जातो.

दुसरं, तुम्ही माल पाकिटात, बाटलीत भरून विकता. त्यासाठी वैधमापन खात्याकडे, आपण ज्यांना वजनमापेवाले म्हणतो त्यांच्याकडे, आवेष्टक म्हणून नोंदणी करायची. पॅकबंद वस्तूंच्या 2011 च्या नियमांत तिची फी 500 रुपये आहे. इलेक्ट्रॉनिक काटा वापरत असाल तर त्याची दर वर्षी पडताळणी करून शिक्का मारून घ्यायचा, त्याची पावती वेगळी.

म्हणजे पाच वर्षांची अन्न नोंदणी 500, वजनमापे 500 आणि व्यवसाय कर 2,500. पहिल्या वर्षी साडेतीन हजार, वर काट्याच्या पडताळणीची आणि पंचायतीची जी रीतसर पावती होईल ती. पुढच्या वर्षापासून मुख्य खर्च व्यवसाय कराचाच.

एजंट नकोच असं मी म्हणत नाही. पोर्टल इंग्रजीत अडतं, ओटीपी येत नाही, फोटोचा साइज बसत नाही, आणि त्यात दुपार जाते. त्या दुपारी तुमची पोळी उन्हात पडलेली असते. कुणी बसून हे करून देत असेल तर त्याच्या मेहनतीचे पैसे द्यायलाच हवेत. एका अर्जाला 300 ते 500 रुपये मला रास्त वाटतात. फक्त त्याला म्हणा, "दादा, सरकारी फी मी माझ्या फोनवरून भरते. तुमची मेहनत किती ते वेगळं सांगा." हे वाक्य बोललात की 16,000 चा कागद आपोआप बदलेल. आणि सगळ्या अर्जांत मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच घाला. एजंटचा नंबर घातला तर पुढची प्रत्येक सूचना त्याला जाते, आणि नूतनीकरणाची तारीख तुम्हाला कळतच नाही. 2011 च्या मूळ नियमावलीत मुदत संपायच्या 30 दिवस आधी अर्ज करायचा, त्यानंतर दिवसाला 100 रुपये विलंब शुल्क, असं लिहिलं होतं. म्हणजे वर्षाच्या फीइतकी रक्कम एका दिवसाला.

आता तुमच्या दिरांकडे येते. खरं सांगायचं तर तुमचं पत्र मी याच ओळीसाठी निवडलं.

आधी पंचायतीचा अधिकार काय तो समजून घ्या, म्हणजे एजंटच्या कागदावरची पाचवी ओळ, पंचायतीच्या एनओसीची, तीही त्यातच सुटेल. ग्रामपंचायत 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली चालते. कलम 124 मध्ये कोणते कर आणि कोणत्या फी बसवता येतात ते दिलंय. घरपट्टी, दिवाबत्ती, पाणीपट्टी, आठवडा बाजाराची फी, अशी ती यादी. पंचायतीने त्यातली बसवायची म्हटली की सभेत ठराव करावा लागतो, दर ठरवावा लागतो, आणि येणारा प्रत्येक रुपया ग्रामनिधीत जमा करावा लागतो. कर आणि फी घेतल्याची पावती नमुना 10 मध्ये मिळते, छापील पुस्तकातली, अनुक्रमांक असलेली. तेव्हा पंचायतीने पैसे मागणं गैर नाही. गैर आहे ते ठराव आणि पावती नसलेले पैसे. तुमच्या 1,500 मागे यातलं काय आहे ते अजून तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही. कदाचित दिरांनी ते तुमच्या घरपट्टीच्या बाकीत भरलेही असतील. म्हणून आधीच मनात चोर ठरवू नका.

पडवीचा वापर धंद्यासाठी होणार म्हटल्यावर नमुना 8 मध्ये, म्हणजे पंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, तशी नोंद होईल आणि घरपट्टी थोडी वाढेल. 2015 च्या शेवटी आलेल्या नियमांनी ही आकारणी भांडवली मूल्यावर होते, आणि वाणिज्य वापराला निवासीच्या सव्वापट भारांक आहे. तोही फक्त तेवढ्या भागाला लावून घ्या. सगळ्या घराला लावला जात नाही ना, ते आकारणीच्या वेळी समोर उभं राहून बघा. नवी शेड किंवा पक्कं बांधकाम घालायचं असेल तर मात्र थांबा. तुम्ही समुद्राजवळ आहात, तिथे सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचा, प्रश्न येतो आणि पंचायतीच्या एका दाखल्यावर ते निभत नाही. आहे त्याच पडवीत टेबलं टाका.

पावतीचं माझ्या घरातलं सांगते. माझ्या वडिलांचं रत्नागिरीजवळ लहानसं किराणा दुकान होतं. गल्ल्याच्या मागे खिळ्याला एक वाकडी तार टांगलेली असायची आणि जी पावती येईल ती वडील त्या तारेत खोचायचे. घरपट्टी, बाजार फी, काट्याच्या शिक्क्याची. तेलाच्या हातांनी त्या कडेने पिवळ्या पडलेल्या असत. एका वर्षी मागच्या चार वर्षांच्या बाकीची नोटीस आली. वडिलांनी तार खाली काढली, टेबलावर एकेक पावती उलगडली आणि तीन वर्षांचं प्रकरण दहा मिनिटांत मिटलं. चौथ्या वर्षाची पावती नव्हती. त्या वर्षी वसुलीला आलेला माणूस ओळखीचा होता, घरी चहाला येणारा. "पावती नंतर आणून देतो" म्हणाला, आणि वडिलांना पुन्हा मागणं बरं वाटलं नाही. तोवर तो माणूस बदलून गेला होता. वडिलांनी ते पैसे दुसऱ्यांदा भरले. मी तेव्हा नववीत होते. त्या महिन्यात माझी सहलीची वर्गणी राहिली, म्हणून मला हे इतकं नेमकं आठवतं.

त्या माणसाशी वडिलांचं भांडण झालं नाही. पण नंतर ते त्याच्याशी पूर्वीसारखं बोललेही नाहीत. पावती मागितली असती तर तो चहा चालू राहिला असता, असं मला वाटतं.

तेव्हा दिरांकडे पावती मागायचीच. कशी, ते सांगते. वसुलीसारखी दारात उभी राहून नको, आणि चारचौघांतही नको. घरी बोलवा, किंवा सासूबाईंना घेऊन त्यांच्याकडे जा. सासूबाई बरोबर असल्या की बोलण्याला घरचं वळण राहतं. आणि असं म्हणा: "भाऊजी, मला ड्रायरसाठी बँकेत फाइल करायची आहे. तिथे धंद्याचा एकेक कागद बघतात. तुम्ही नेलेल्या 1,500 ची पंचायतीची पावती तेवढी द्या. ती कशाची आहे तेही त्यावर लिहिलेलं असू दे."

यात खोटं काही नाही. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठी 2020 मध्ये केंद्राने पीएमएफएमई योजना आणली (ती अजून चालू आहे ना, ते बँकेत आधी विचारून घ्या). तिच्यात कर्जाशी जोडलेलं 35 टक्के अनुदान मिळतं, कमाल 10 लाखांपर्यंत, आणि स्वतःचा वाटा किमान 10 टक्के घालावा लागतो. लाखाचा ड्रायर बसला तर 35,000 अनुदानाचे. तुमची आंबापोळी आणि फणसपोळी तिच्यात बसते. पण बँकेत धंदा कागदावर दाखवावा लागतो. उद्यमचं प्रमाणपत्र, अन्न नोंदणी आणि जागेचा उतारा घेऊन गेलात तर बोलणं पुढे सरकतं. "गावात कोण बघायला येतंय" याचं उत्तर मुंबईला हेच कळवा. आज तुमच्या दारात रिसॉर्टवाला येऊन गेला, त्याने नंबरच मागितला. उद्या बँकवाला बघेल. सहा वर्षं तुम्ही पदरमोड करून धंदा उभा केलात आणि कागदावर तो अजून जन्मलाच नाही, याचं मला वाईट वाटतं. तुमच्या यजमानांनाही वाटेल, त्यांना हा हिशेब दाखवा.

दिरांनी पावती दिली तर प्रश्न संपला. "बघू, देऊ" म्हणाले तर आठ दिवस थांबा. मग त्यांचं नाव न घेता ग्रामसेवकांना (आता त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी आहे) एक साधा अर्ज द्या. घरगुती अन्नपदार्थांच्या धंद्यासाठी पंचायतीची कोणती फी आहे, कोणत्या ठरावाने आणि किती, एवढंच विचारा. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. याच वेळी नमुना 8 चा उतारा आणि थकबाकी नसल्याचा दाखलाही मागा. हे दोन्ही 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात बसवलेले आहेत आणि 5 दिवसांत मिळायला हवेत. मिळाले नाहीत तर अपील करता येतं, आणि कारण नसताना उशीर लावणाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंडाची तरतूद त्या कायद्यात आहे. थकबाकीचा दाखला मागितला की ते 1,500 रुपये पंचायतीत जमा झाले की नाही, तेही कुणाला न दुखवता कळून येईल.

ठरावाची प्रत कुणी देईना तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. फी 10 रुपये, उत्तराला 30 दिवस. आणि ग्रामसभा आहेच. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. तिथे "माझे पैसे कुठे गेले" असं विचारू नका. "घरगुती धंद्यांच्या फीचे दर फलकावर लावा" अशी मागणी करा आणि तुमच्या बचत गटातल्या बायकांना बरोबर न्या. तुमच्यासारख्या पीठ-पापड-मसाल्याच्या किती जणी त्या गावात असतील! दर भिंतीवर लागले की कुणालाच भावकीत पावतीसाठी तोंड वाईट करावं लागणार नाही.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा टोल फ्री क्रमांक तुम्हाला कुणीतरी सांगेलच. कुणी सरळ लाच मागितली, "दिल्याशिवाय कागद देणार नाही" म्हणाला, तर जरूर फिरवा, त्यात मागेपुढे पाहू नका. पण आज तुमच्या पत्रात जे आहे त्यावरून मी तुम्हाला तिथे पाठवणार नाही. आधी तुमचा अर्ज आणि दिरांचं उत्तर येऊ दे.

सासूबाईंचं "देऊन टाक आणि मोकळी हो" मला कळतं. त्यांच्या पिढीने तसंच निभावलं, दुसरा मार्ग त्यांना कुणी दाखवला नव्हता. पण असं दिल्याने मोकळं होता येत नाही. यंदा 1,500 गेले, पुढच्या वर्षी टेबलं दिसली की 3,000 होतील, आणि तेव्हाही हातात कागद नसेल.

कामाचा क्रम असा ठेवा. या आठवड्यात उद्यम आणि दुकानाची सूचना, दोन्हीला फी नाही, म्हणून सवय व्हायला बरी. मग अन्न नोंदणी. ती आली की वजनमापे, मग व्यवसाय कर. पंचायतीचा अर्ज यांच्याबरोबरीने चालू दे. रिसॉर्टवाल्याला आजच सांगून ठेवा की नंबरासाठी अर्ज करते आहे, नंबर आला की माल पाठवीन. तोवर घाईने दुसऱ्या कुणाचा नंबर बाटलीवर लावू नका. असं सुचवणारे भेटतात, आणि वाटतं एका खेपेने काय होतंय.

शेवटचं बाटलीचं. तुम्ही बाटलीचाही फोटो पाठवलात, त्यात आगळ कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत दिसतंय, झाकणाला प्लास्टिकचा कागद आणि रबर. रिसॉर्टला ते पाठवू नका. नवी बाटली, सीलचं झाकण. लेबलवर इंग्रजीत किंवा हिंदीत, जोडीला मराठीत, ठळक "कोकम आगळ", त्याखाली घटक (कोकम, मीठ, जे घालता ते), हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, निव्वळ माप, बनवल्याचा महिना आणि वर्ष, कधीपर्यंत वापरायचं ते, सर्व करांसह कमाल किंमत, तुमचं नाव-पत्ता-फोन आणि तो 14 अंकी नंबर. छापायला टाकण्याआधी एक कच्चा कागद मला पाठवा, मी बघून देते. आणि दिरांची पावती मिळाली की तेही कळवा.